कोपऱ्यातला म

टाइप करताना बाई बटणांकडे बघत नसत आणि कागदाकडेही बघत नसत. ज्याला बघावं लागतं तो शिकाऊ, असं टायपिंगच्या क्लासात त्यांना सतराव्या वर्षी सांगितलं होतं, आणि नुसतं सांगून न थांबता त्यांच्या दोन्ही हातांवर टॉवेल अंथरला होता. त्याला आता चाळीस वर्षं झाली. टॉवेल विरला, क्लास बंद पडला, पण बाईंची मान काही खाली आली नाही. त्या समोरच्या भिंतीकडे बघत टाइप करायच्या. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं, म्हणूनच काम चांगलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

काम भाषांतराच्या कचेरीत होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली चष्म्यांचं दुकान. कचेरीचे मालक पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची कामाची तऱ्हाच वेगळी होती. भाषांतराची एक ओळ म्हणून त्यांनी कधी हाताने लिहिली नव्हती. डाव्या हातात मूळ पुस्तक धरायचं, दारापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत फेऱ्या मारायच्या, आणि तोंडाने मराठी सांगत सुटायचं. बाईंनी ते तिथल्या तिथे टाइप करायचं. स्वल्पविराम कुठे, हे मास्तर सांगत नसत. ते श्वास घेत तिथे बाई स्वल्पविराम देत. एकोणतीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

मग टाइपरायटरने मान टाकली. सुटे भाग मिळेनात, आणि ज्याला त्याच्या पोटातलं कळायचं तो दुरुस्तीवाला दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला. मास्तरांनी मनावर दगड ठेवून एकदम दोन कॉम्प्युटर घेतले आणि ते समजणारी एक बाई नोकरीला ठेवली. तिचं नाव बाईंनी खिडकीवाली ठेवलं, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं. खिडकीजवळची जागा एकोणतीस वर्षं बाईंची होती. त्या खिडकीतून कधी बाहेर बघत नसत ही गोष्ट वेगळी, पण खिडकी उजव्या हाताला असायची. प्लग तिथेच होता म्हणून ती जागा नव्या बाईला गेली, आणि बाईंचं टेबल लांब वायर ओढून पलीकडच्या भिंतीला लागलं.

खिडकीवाली पस्तिशीची, दोन मुलांची आई. इंग्रजी आणि स्वतःची मातृभाषा, दोन्ही सफाईने टाइप करायची. तिची भाषा उजवीकडून डावीकडे जाणारी. ती टाइप करू लागली की पडद्यावरची ओळ उलटी पळायची. पहिल्या दिवशी ते बघून मास्तरांनी यंत्र बिघडलं असं समजून घाईघाईने वीजच बंद केली होती. लग्न मराठी घरात झाल्यामुळे ती मराठी बोलायला लागली की थांबायची नाही. वाचता मात्र अक्षर येत नव्हतं. सासूबाई फ्रिजवर चिठ्ठी लावून बाहेर गेल्या, तर नवरा घरी येईपर्यंत ती चिठ्ठी तिथेच लटकत राहायची आणि हिची भाजी गॅसवर चढायची नाही.

कॉम्प्युटर आले त्या दिवशी मास्तर कपाटाकडे तोंड करून बाईंना म्हणाले होते, "महिनाभर बघू. जमलं तर तुम्ही आहातच. नाही जमलं तर मराठीचं टायपिंग बाहेर द्यावं लागेल, काय करणार." बाईंनी बरं म्हटलं आणि घरी जाऊन भांडी जरा जास्तच आपटली. नवरा बसचालक म्हणून निवृत्त झालेला, स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणाला, मग ये की घरी, दोघं मिळून भिंतीकडे बघू. बाई हसल्या नाहीत. पैशाची अडचण नव्हती, मुलगी मार्गी लागली होती. पण सकाळी उठून आपली कोणीतरी वाट बघतंय, आपण गेल्याशिवाय कोणाचं तरी काम अडतंय, हे ज्याला एकोणतीस वर्षं मिळालं त्याला ते सुटणं म्हणजे हातपाय गळून जाणं असतं. बाईंना त्याची भीती वाटत होती, आणि ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

बाईंच्या कॉम्प्युटरवर मराठी बसवायचं काम खिडकीवालीकडे आलं. तिने भाषांची यादी उघडली, त्यातून मराठी शोधून जोडली आणि म्हणाली, "काकू, बघा बरं." बाईंनी बोटं ठेवली आणि भिंतीकडे बघत कचेरीचा पत्ता टाइप केला. पडद्यावर जे उमटलं ते कोणत्याच गावातलं नव्हतं. बाईंनी मान वळवून ते वाचलं आणि निकाल दिला की याला मराठी येत नाही. दोष यंत्राचा नव्हता. त्यात अक्षरांची जी मांडणी आली होती ती नव्या पद्धतीची होती, आणि बाईंच्या बोटांत होती टाइपरायटरची. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, काकू, आता नवीन शिका. खिडकीवालीने तसं म्हटलं नाही. ती पुन्हा यादीत शिरली, तिथून आणखी आतल्या यादीत, आणि अर्ध्या तासाने जुनी टाइपरायटरची मांडणी शोधून बाहेर आली. या वेळी पत्ता बरोबर ठिकाणी पोहोचला, पिनकोडसकट. दुपारी बाईंनी डब्यातलं अर्धं सफरचंद उठून तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्या यंत्रात आता तीन भाषा होत्या. मराठी, इंग्रजी आणि खिडकीवालीची. डाव्या हाताकडची दोन बटणं एकदम दाबली की भाषा बदलायची, पुन्हा दाबली की पुढची यायची. सध्या कोणती चालू आहे ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसायचं. मराठी असली की तिथे एवढासा म. बाईंनी वहीत लिहून घेतलं होतं: यंत्र चालू करणे, कोपऱ्यात म बघणे, मगच काम. पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांना टोचायचा, म्हणून म बघून झाला की त्या पडदा खोलीच्या बाजूला वळवून ठेवायच्या. खिडकीवाली म्हणाली, काकू, मग तुम्हाला दिसणार कसं? बाई म्हणाल्या, मला कशाला बघायचंय?

तीन आठवडे बारीकसारीक कामं झाली. दाखले, पत्रं, एका दवाखान्याचा फलक. सगळी नीट गेली. चौथ्या आठवड्यात मोठं काम आलं.

गावाबाहेर कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, सगळं तिथे जायचं. त्यांनी नवी अजस्र यंत्रं आणली होती, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्यांत मराठी बोलणारे बरेच होते. यंत्राबरोबर आलेली काळजी घेण्याची पुस्तिका मराठीत हवी होती. शुक्रवारी यंत्रं सुरू होणार, म्हणून गुरुवारी दुपारी दोनला ती हातात पडायलाच हवी. मूळ पुस्तिकेची एकच प्रत. यंत्र बसवणाऱ्या माणसाला ती स्वतःलाच लागत होती, म्हणून त्याने ती फक्त बुधवारपुरती दिली आणि संध्याकाळी पाचला न्यायला येतो म्हणून सांगून गेला. गुरुवारी महिनाही संपत होता. बाईंना हे कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

बुधवारी खिडकीवालीची सुट्टी होती, धाकट्याला लस टोचायची होती. आदल्या दिवशीच तिने कोरी फाइल तयार करून, तिला नाव देऊन, उघडायची कुठे आणि जपून ठेवायची कशी ते वहीत लिहून दिलं होतं. बाई वेळेआधी पोहोचल्या. यंत्र चालू केलं. कोपऱ्यात म बघितला, होता. मग त्यांनी पर्समधून पिवळं फडकं काढलं आणि कीबोर्ड पुसला.

आता हे फडकं कुठून आलं ते सांगायला हवं. टाइपरायटर होता तेव्हा बाई रोज सकाळी ब्रशने त्याची अक्षरं घासून काढायच्या आणि कागद चढवण्यापूर्वी सगळ्यावरून एकदा फडकं मारायच्या. ते मारलं की हात कामाला लागायचे. पहिले तीन आठवडे खिडकीवालीच सकाळी आधी येऊन दोन्ही टेबलं पुसून ठेवायची, त्यामुळे बाईंना फडकं काढायची वेळच आली नव्हती. बुधवारी ती नव्हती. बाईंनी मन लावून पुसलं, विशेषतः डावी बाजू, कारण तिथे त्यांना चहाचा डाग दिसला. डाग निघाला. डावीकडची ती दोन बटणं फडक्याखाली एकदम दाबली गेली, आणि कोपऱ्यातला म निमूटपणे निघून गेला. बाईंनी त्याआधीच पडदा वळवला होता.

मास्तर आले, पुस्तिका डाव्या हातात धरली आणि चालू लागले. दिवसभर चालत होते. पुस्तिकेची भाषा रुक्ष होती, पण मास्तरांना रुक्ष भाषेत जीव ओतायची खोड होती. दुपारी जेवायला वीस मिनिटं थांबले. चारच्या सुमाराला त्यांचा आवाज बसायला लागला, शेवटची दोन पानं त्यांनी जवळजवळ कुजबुजून सांगितली. बाईंची बोटं कुठेही अडखळली नाहीत. अकरा पानं झाली. बाईंनी पडदा न वळवताच वहीत बघून बटण दाबलं, फाइल जपून ठेवली आणि यंत्र बंद केलं. पाचला तो माणूस येऊन पुस्तिका घेऊन गेला. बाई घरी जाताना चक्क गुणगुणत होत्या. नवऱ्याने विचारलं, काय, लॉटरी लागली? बाई म्हणाल्या, लागल्यातच जमा.

गुरुवारी सकाळी साडेआठला खिडकीवालीने छापायला म्हणून ती फाइल उघडली. सगळी पानं वरून खालपर्यंत सरकवून बघितली. मग म्हणाली, "काकू, जरा इकडे येता?"

अकरा पानं भरून इंग्रजी अक्षरं होती. शब्द म्हणावा असा जवळजवळ एकही नव्हता. नुसती अक्षरं, मध्येच प्रश्नचिन्ह, मध्येच अर्धविराम, एखाद्या लहान मुलाने बटणांवर ढोलकी वाजवावी तसं. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना पिवळं फडकं आठवलं आणि झालं काय ते एका क्षणात कळलं. त्या खुर्चीत बसल्या. मूळ पुस्तिका गेलेली. मास्तरांचा सकाळीच निरोप आला होता की घसा पार बसला आहे, डॉक्टरांनी चार दिवस तोंड उघडायची बंदी केली आहे, बारापर्यंत येतो. दुष्काळात तेरावा महिना तो हाच. बाई म्हणाल्या, संपलं. मग पुन्हा म्हणाल्या, संपलं गं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

एखाद्या जाणकाराने यावर दहा उपाय सांगितले असते. त्या खोलीत जाणकार म्हणून जी होती ती खिडकीवाली, आणि तिला यातला एकही ठाऊक नव्हता. पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने पानं छापून काढली आणि बाईंसमोर पहिलं पान धरलं.

"काकू, काल तुमची बोटं चुकली होती का?"

बाई दुखावल्या. म्हणाल्या, "बोटं कशी चुकतील?"

"मग हे चुकलेलं नाही. बोटं बरोबर जागी पडलीत, फक्त यंत्राने भलत्या भाषेत लिहून घेतलंय." तिने एका शब्दावर बोट ठेवलं. त्यात तीन अक्षरं होती, जी, के आणि आर. बाईंना इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती, पण ती बटणांवर कुठे बसतात याचा त्यांना गंध नव्हता. खिडकीवालीने बाईंचा हात धरला आणि एकेक बोट त्या त्या बटणावर नेऊन ठेवलं. बाईंनी सवयीने भिंतीकडे बघितलं. पहिल्या बटणाला त्या म्हणाल्या, ह. दुसऱ्याला, काना. तिसऱ्याला, त.

"हात," बाई म्हणाल्या. "यंत्रात हात घालू नये. पहिल्याच पानावर आहे ते. मास्तर तिथे थांबले होते."

पुढचं खिडकीवालीच्या डोक्यात आलं, आणि ते इतकं सोपं होतं की ते बोलताना तिला जरा संकोच वाटला. कीबोर्ड मराठीवर ठेवायचा आणि समोरच्या कागदावरची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी टाइप करायची. बटणं तीच, तेव्हा अक्षरं बाईंची उमटायला हवीत. पण हे बाईंना करता येण्यासारखं नव्हतं. इंग्रजी अक्षर बघून त्यांचं बोट कुठेच गेलं नसतं, एकेक बटण शोधत रविवार उजाडला असता. हे ज्याच्या बोटांत इंग्रजी आहे त्यालाच जमणार. म्हणजे खिडकीवालीला, जिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं.

बाईंना हे समजायला वेळ लागला नाही, उठायला मात्र लागला. जुनी मांडणी त्यांच्याच यंत्रात होती, खुर्ची त्यांची होती, टेबलावर वही त्यांची होती. महिनाभर ज्या खुर्चीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं ती आता स्वतःच्या हाताने दुसरीला द्यायची. त्या उठल्या. म्हणाल्या, "बस. आधी म बघ."

म होता. खिडकीवालीने कागद उभा केला, पहिली ओळ टाइप केली आणि घाबरून थांबली. पडद्यावर मराठी उमटलं होतं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण ते मराठी आहे एवढं दिसत होतं. बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शब्द उमटत असताना त्यांच्याकडे डोळे लावले.

काम सरळ नव्हतं. इंग्रजी समजून यंत्राने दर परिच्छेदाचं पहिलं अक्षर आपल्या मनाने मोठं करून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद भलत्याच अक्षराने सुरू व्हायचा. ते बाई सांगत, खिडकीवाली बदले. काही ठिकाणी यंत्राला वाटलं होतं की माणूस चुकला, आणि त्याने शब्दच सुधारून टाकले होते. तिथे बाई डोळे मिटून मास्तरांची फेरी आठवत. दाराकडे चालले होते की कपाटाकडे, हे आठवलं की शब्दही आठवायचा. दुसऱ्या पानावर एका जागी विनाकारण स्वल्पविराम निघाला. बाईंनी तो काढायला सांगितला. तिथे मास्तर खोकले होते.

दहाच्या सुमाराला बाई उमटेल ते मोठ्याने वाचायला लागल्या, चुका लवकर सापडाव्यात म्हणून. "यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय, दार उघडू नये. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, कामावर येण्यापूर्वी काढून ठेवावी." खिडकीवालीची बोटं चालत होती आणि कान ऐकत होते. ऐकलेलं सगळं तिला समजत होतं. चौथं पान संपताना ती मध्येच थांबून म्हणाली, "काकू, हे मी लिहितेय?"

"तूच लिहितेयस."

"सहा वर्षं झाली लग्नाला. सासूबाई म्हणतात हिला अक्षरओळख नाही." ती हसली, आणि मग आणखी जोरात टाइप करायला लागली, इतकं की बाईंना तिला हळू म्हणावं लागलं. बाईंना तिचा पहिल्यांदाच अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली. ही अक्षरं न शिकता एवढं करते. शिकली तर?

बारा वाजता मास्तर आले. गळ्याला लोकरी मफलर, हातात चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन्सिल. दारातच त्यांनी बघितलं: बाईंच्या खुर्चीत खिडकीवाली, तिच्यामागे बाई उभ्या, दोघींच्या मधे इंग्रजी अक्षरांनी भरलेला कागद. बाईंच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. मास्तर काही विचारतील म्हणून त्या थांबल्या. पण मास्तरांनी ना पॅड उघडलं ना पेन्सिल. त्यांनी कागदाकडे एकदा नीट बघितलं, नजर चोरली, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बाईंना वाटलं, कळलं यांना. शिक्षा सुनावण्यापूर्वीची शांतता ही. खिडकीवाली हळूच म्हणाली, काकू, अजून साडेतीन पानं आहेत, रडायचं ते नंतर रडू.

पावणेदोनला अकरावं पान संपलं. छापून, टाचून, वरून एकदा वाचूनही झालं. बरोबर दोनला कारखान्याचा माणूस आला. त्याने पहिलं पान वाचलं, मधलं एक वाचलं, म्हणाला, छान आहे, आमच्या लोकांना समजेल असं आहे, आणि पुस्तिका पिशवीत घालून जिना उतरला. दोघींचा जीव भांड्यात पडला. खिडकीवालीने बोटं कडाकडा मोडली.

मग आतलं दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. त्यांनी पॅडवरची चिठ्ठी फाडून बाईंच्या हातात दिली. चिठ्ठीवर शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं गोल, ठसठशीत अक्षर होतं. फक्त दोन शब्द होते. जमलं. राहा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ती झाकून ठेवायला बाईंना काहीच करायला नको होतं. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली की झालं. खिडकीवाली मास्तरांच्या मागे उभी राहून डोळे मोठे करून नको नको म्हणत होती. पण मास्तरांबरोबर बाईंनी एकोणतीस वर्षं काम केलं होतं, आणि एवढ्या वर्षांत बाईंच्या नावावर दुसऱ्याचं एक पानही गेलं नव्हतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "जमलं नाही. काल मी म बघितला आणि मग कीबोर्ड पुसला. पुसताना भाषा बदलली, मला कळलंही नाही. अकराच्या अकरा पानं वाया गेली होती. आज ती हिने पुन्हा टाइप केली. हिला वाचता येत नाही तरी केली. मी नुसती उभी होते." एवढं बोलून त्यांना एकदम हलकं वाटलं.

मास्तरांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी परत मागितली.

बाईंनी ती दिली. मास्तरांनी टेबलाशी वाकून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं. खूप वेळ लिहीत होते. ज्याने एकोणतीस वर्षांत भाषांतराची ओळही हाताने लिहिली नाही त्याला एवढं लिहिताना बघून बाईंना वाटलं, कामावरून काढायचं पत्रच असणार, आणि तेही पूर्ण वाक्यांत. शेवटी त्यांनी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

काल सकाळी दहा वाजताच मला पडद्यावर इंग्रजी अक्षरं दिसली होती, असं मास्तरांनी लिहिलं होतं. याआधी पडद्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. वाटलं, यंत्राची हीच पद्धत असेल, आधी इंग्रजीत घेत असेल आणि छापताना मराठी करत असेल. तुम्हाला विचारणार होतो. पण मग मला यातलं काही कळत नाही हे तुम्हाला समजलं असतं. तुमची परीक्षा घेणारा मी. म्हणून दर फेरीला ती इंग्रजी अक्षरं बघत होतो आणि पुढे सांगत होतो. दिवसभर.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. मास्तरही हसत होते, पण आवाज नसल्यामुळे नुसते खांदे हलत होते. त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली, उलटली, पहिल्या शब्दावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि परत दिली. जमलं खोडलं गेलं होतं. दुसरा शब्द तसाच होता.

खिडकीवालीला राहवेना. काकू, काय लिहिलंय ते सांगा ना, म्हणत ती जवळ आली. बाईंनी चिठ्ठी टेबलावर सरळ केली, तिचं बोट धरलं आणि उरलेल्या शब्दाखाली ठेवलं.

"सांगणार नाही. वाच," त्या म्हणाल्या. "हा र. ही उभी रेघ म्हणजे काना. हा ह. त्यालाही काना."

खिडकीवालीने ओठ हलवून दोनदा जुळवून बघितलं. मग म्हणाली, "राहा."

मास्तरांनी दोघींकडे बघून मान डोलावली.